सक्कारा येथील कोरीव भिंती व त्यांतील लोकजीवन

इतिहास म्हटला म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे राजांच्या वंशावळी, लढायांची साले आणि तहांची कलमे हीच उभी राहतात. परीक्षा आटोपली की सालेही विस्मरणात जातात. परंतु एखाद्या चौकस मुलाने जर असे विचारले की, साडेचार हजार वर्षांपूर्वी शेतकरी मळणी कशी करीत, स्वयंपाकघरात काय शिजे, आणि आमच्याएवढी मुले संध्याकाळी कोणते खेळ खेळत, तर त्यास समाधानकारक उत्तर देणे बहुतेक प्राचीन राष्ट्रांच्या बाबतीत फार कठीण जाते. सामान्य लोकांची घरे मातीची होती, ती मातीस मिळाली. त्यांना लिहिता येत नव्हते, म्हणून त्यांचे स्वतःचे शब्दही मागे राहिले नाहीत.

इजिप्त देशाची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. तेथेही गरिबांची घरे नाहीशी झाली. इतकेच नव्हे, तर राजवाडेही कच्च्या विटांचे असल्यामुळे बहुतेक नष्ट झाले. परंतु त्या देशातील थोर लोकांनी आपली थडगी पक्क्या दगडांची बांधिली, आणि त्या थडग्यांच्या भिंतींवर आपल्या शेतांत, गोठ्यांत व कारखान्यांत दिवसभर काय चालत असे त्याची चित्रे कोरवून ठेविली. त्यामुळे मृतांच्या घरांतून आम्हांस जिवंत माणसांची ओळख पटते, हा एक मोठा चमत्कारच म्हटला पाहिजे. त्या कोरीव भिंती कशा तयार झाल्या, त्यांत काय दिसते, आणि काय दिसत नाही, हे आमच्या विद्यार्थिबंधूंस व त्यांच्या पालकांस थोडक्यात सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे.

इजिप्तची हल्लीची राजधानी कैरो. तिच्या दक्षिणेस, नाईल नदीच्या पश्चिम अंगास, वाळवंटाच्या काठावर सक्कारा नावाचे ठिकाण आहे. मेम्फिस ही प्राचीन राजधानी येथून जवळच होती व सक्कारा हे तिचे स्मशान होते. जोसर राजाचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड येथेच आहे. तो इ. स. पूर्वी सुमारे २६५० या काळचा असून, एवढ्या मोठ्या दगडी इमारतींत त्याचा क्रम अगदी पहिल्यांत लागतो. पिरॅमिड राजांसाठी, त्यांच्या अधिकाऱ्यांसाठी मात्र चौकोनी, सपाट माथ्याची व उतरत्या भिंतींची थडगी बांधीत. दुरून ती घराबाहेरच्या ओट्यासारखी दिसत, म्हणून तेथील मजुरांनी त्यांस 'मस्तबा' हे नाव दिले. अरबी भाषेत या शब्दाचा अर्थ बाक अथवा ओटा असा आहे.

या मस्तबांपैकी सर्वांत प्रसिद्ध असा एक मस्तबा टी नावाच्या अधिकाऱ्याचा आहे. हा गृहस्थ इ. स. पूर्वी सुमारे २४५० च्या आगेमागे, इजिप्तच्या पाचव्या राजवंशाच्या अमदानीत होऊन गेला. राजांच्या पिरॅमिडांची व सूर्यमंदिरांची देखरेख त्याजकडे होती, आणि राजवाड्यातील केशभूषा करणाऱ्यांचा तो प्रमुखही होता. राजाच्या मस्तकास हात लावावयाचा म्हणजे केवढा विश्वास पाहिजे, हे लक्षात घेतले असता या पदाचे महत्त्व कळून येईल. ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच संशोधकाने १८६० नंतरच्या दशकात वाळू उपसून हे थडगे उजेडात आणिले. त्यानंतर १८९३ साली मेरेरुका नावाच्या प्रधानाचे तीसाहून अधिक दालनांचे थडगे सापडले, आणि १९६४ साली नी-अंख-ख्नुम व ख्नुम-होतेप या दोघा राजसेवकांचे एकत्र थडगे मिळाले. पुढील वर्णन मुख्यतः या थडग्यांच्या आधारे दिले आहे.

आता ही चित्रे कोरली कशी ते पाहू. ज्यांनी वेरूळची अथवा घारापुरीची लेणी पाहिली असतील, त्यांस दगडाच्या पृष्ठभागावर उठून दिसणारी आकृती म्हणजे काय हे सांगावयास नको. परंतु लेण्यांतील मूर्ती पुष्कळ खोल कोरलेल्या असतात. सक्काऱ्यातील आकृती मात्र भिंतीच्या पातळीहून काही थोड्या मिलिमीटरांनीच वर आलेल्या आहेत. प्रथम चुनखडीच्या दगडाची भिंत घासून गुळगुळीत करीत व तिच्यातील भेगा गिलाव्याने बुजवीत. मग तांबड्या रंगाने प्रमाणाच्या रेषा आखून आकृतींचा कच्चा आराखडा काढीत. मुख्य कारागीर काळ्या रंगाने त्यातील चुका दुरुस्त करी. अर्धवट राहिलेल्या काही थडग्यांत या तांबड्या व काळ्या रेषा आजही दिसतात. त्या पाहिल्या म्हणजे विद्यार्थ्याच्या वहीवर शिक्षकाने फिरविलेल्या लेखणीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. त्यानंतर आकृतीच्या भोवतीचा दगड तासून काढीत, म्हणजे आकृती आपोआप वर येई. लोखंडाची हत्यारे त्या काळी नव्हती. तांब्याच्या छिन्न्या आणि दगडाचे गोटे यांवरच सर्व काम होई. शेवटी रंग देत. तांबडा व पिवळा रंग गेरूच्या जातीच्या मातीपासून, काळा काजळीपासून आणि हिरवा व निळा तांब्याच्या संयुगांपासून करीत. पुष्कळ ठिकाणी हे रंग अद्यापि टिकून आहेत.

ही चित्रे पाहताना आरंभी थोडे चमत्कारिक वाटते. मनुष्याचे तोंड एका बाजूस वळलेले, पण डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा. खांदे समोरचे, आणि पाय पुन्हा बाजूचे! चित्रकारास नीट काढता येत नव्हते, असा याचा अर्थ नव्हे. एका जागी उभे राहून जे दिसते ते काढण्याची त्यांची रीत नव्हती. शरीराचा प्रत्येक भाग ज्या बाजूने पूर्णपणे ओळखू येईल त्या बाजूने तो दाखवावयाचा, असा त्यांचा नियम होता. दुसरा नियम असा की, ज्याची योग्यता मोठी त्याची आकृतीही मोठी. म्हणून टी हा मजुरांच्या चौपट पाचपट उंच दिसतो, आणि त्याची पत्नी नेफेरहेतेपेस कित्येक ठिकाणी त्याच्या पायाशी लहानशी बसलेली दाखविली आहे. मजूर मात्र ओळीने, एकाखाली एक अशा पट्ट्यांत, आपापल्या कामात गुंतलेले असतात. त्यांच्या डोक्यांवर चित्रलिपीत लहान लहान वाक्ये कोरलेली आहेत. ही लिपी शेकडो वर्षे कोणासही वाचता येत नव्हती. १८२२ साली शांपोल्यों या फ्रेंच पंडिताने तिची किल्ली शोधून काढली, तेव्हापासून या मुक्या भिंती बोलू लागल्या.

एवढा खर्च व एवढे श्रम थडग्यावर कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. प्राचीन इजिप्तमधील लोकांची अशी समजूत होती की, मनुष्य मेला तरी त्याचे एक जीवनतत्त्व शिल्लक राहते, व त्यास अन्नपाण्याची गरज असते. त्या तत्त्वास ते 'का' म्हणत. मुलेबाळे व पुजारी रोज नैवेद्य आणून ठेवीत. परंतु पिढ्या गेल्यावर ही व्यवस्था बंद पडली तर काय करावे? म्हणून भिंतीवर शेती, गुरे, भाकरी व पेये यांची चित्रे कोरवीत. ती चित्रे असेपर्यंत मृताचे अन्न तुटणार नाही, असा त्यांचा विश्वास होता. टीच्या थडग्यात भिंतीमागे एक बंदिस्त खोली असून तीत त्याचा पुरुषभर उंचीचा पुतळा ठेविला होता. भिंतीतील बारीक फटींतून तो जणू बाहेर पाही व धुपाचा वास घेई. मूळ पुतळा कैरोच्या संग्रहालयात नेण्यात आला व त्याच्या जागी प्रतिकृती ठेविली आहे.

आता आपण भिंतींकडे वळू. आणि शेतापासून आरंभ करू, कारण इजिप्तचे सर्व वैभव शेतीवर उभे होते. दरसाल नाईल नदीस पूर येई, व पूर ओसरला म्हणजे काळ्या गाळाचा थर शेतांवर राही. त्या ओल्या गाळात बी फेकीत, आणि ते तुडवून आत दाबण्यासाठी त्यावरून मेंढ्यांचा कळप हाकीत. चित्रात एक मनुष्य पुढे चालत मेंढ्यांस हातातील चाऱ्याची लालूच दाखवीत आहे, व मागून दुसरे लोक त्यांस हाकलीत आहेत. पीक मुख्यतः दोन धान्यांचे: एक जव व दुसरा खपली गहू. आमच्या दक्षिण महाराष्ट्रातील वाचकांस खपलीची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. ज्या जातीच्या गव्हाची खीर आपण आजही आवडीने खातो, तोच गहू पिरॅमिड बांधणाऱ्यांच्या भाकरीत होता!

कापणीच्या चित्रांत लाकडी विळे दिसतात; त्यांस गारगोटीच्या धारदार चकत्या बसवीत. धान्याची ताटे मुळाशी न कापता वर, कणसाजवळ कापीत. जवसाची झाडे मात्र मुळासकट उपटीत, कारण त्यांच्या लांब धाग्यांपासून कापड विणावयाचे असे. कापूस त्यांस माहीत नव्हता. काही थडग्यांत कापणारांच्या रांगेत एक मनुष्य विळा न धरता पावा वाजवीत उभा आहे. त्याच्या सुरांवर सर्वांचे हात चालत असावेत. पुढे पेंढ्या बांधून गाढवांवर लादलेल्या दिसतात. एखादे गाढव अडून बसते, मग एक जण त्याचा कान ओढतो व दुसरा मागून काठी उगारतो. खळ्यावर गाढवे व बैल गोल फिरून कणसे तुडवितात. आपल्याकडील मळणीप्रमाणे मध्ये तिवडा नाही. गुरे भलतीकडे जाऊ नयेत म्हणून गडी काठ्या घेऊन भोवती उभे आहेत. नंतर स्त्रिया धान्य वारवून भुसा निराळा करतात. खेड्यातील कोणत्याही मुलास हे चित्र समजावून द्यावे लागणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या शेकडो चित्रांत घोडा अगर उंट कोठेही ओझे वाहताना दिसत नाही. घोडा त्या देशात सुमारे आठशे वर्षांनंतर आला, आणि उंटाचा सर्रास उपयोग त्याहूनही पुष्कळ उशिरा सुरू झाला. जड पुतळे हलविण्यासाठीही चाकांची गाडी न वापरता लाकडाची घसरगाडी वापरीत. टीचे पुतळे अशाच घसरगाड्यांवरून ओढून नेत आहेत, व पुढे एक मनुष्य घागरीतून जमिनीवर पाणी ओतीत आहे. हा केवळ धार्मिक विधी असावा असे पूर्वी पुष्कळांस वाटे. परंतु २०१४ साली अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिकांनी प्रयोग करून दाखविले की, वाळू योग्य प्रमाणात ओली केली असता घसरगाडी ओढण्यास लागणारा जोर निम्म्यापर्यंत कमी होतो. तेव्हा त्या घागरवाल्याच्या हातून भक्ती व व्यवहार ही दोन्ही एकदमच साधत असतील.

गुराख्यांची चित्रे तर फारच मनोहर आहेत. टीच्या थडग्यातील एका चित्रात गुरे पाण्यातून पलीकडे न्यावयाची आहेत. वासरू लहान आहे, म्हणून गुराख्याने ते आपल्या पाठीवर घेतले आहे. वासरू घाबरून मान मागे वळविते, आणि मागून येणारी त्याची आई तोंड वर करून हंबरते. पाण्याच्या नागमोडी रेषांतून गुरांचे पाय दिसतात. ज्या कारागिराने ती वळलेली मान कोरली, त्याने ते वासरू व ती गाय कधी तरी डोळ्यांनी पाहिली असली पाहिजे. केवळ नियम पाठ करून अशी मान कोरता येत नाही. इतर कित्येक थडग्यांत अशाच जागी पाण्याच्या तळाशी मगर दबा धरून बसलेली असते, आणि होडीतील माणसे तिच्याकडे बोट रोखून मंत्र म्हणतात.

तेथून जवळच पपायरस नावाच्या उंच लव्हाळ्यांचे रान आहे. लव्हाळ्यांच्या माथ्यावर पक्ष्यांची घरटी असून, पिले पळविण्यासाठी एक लहान श्वापद देठावरून हळूहळू वर चढत आहे. खाली पाण्यात पाणघोडे आहेत. एकाने तर मगरीसच जबड्यात धरिले आहे. टीचे नोकर भाले घेऊन पाणघोड्यांवर तुटून पडले आहेत, आणि टी स्वतः होडीत काठी टेकून नुसता उभा आहे. आमच्या मते या एकाच चित्रात त्या समाजाची सारी रचना दिसून येते: घाम गाळणारे लहान, आणि पाहणारा मोठा!

स्वयंपाकघर व कारखाने यांची दालनेही तितकीच बोधप्रद आहेत. मातीचे साचे एकावर एक रचून तापवितात व त्यांत पीठ ओतून भाकरी भाजतात. भाकरीचे तुकडे पाण्यात कुसकरून, गाळून व आंबवून जवाचे पेय तयार करितात. भाकरी व हे पेय हेच त्या देशाचे मुख्य अन्न होते, इतकेच नव्हे तर मजुरीही तेच होते. कारण नाणी त्या काळी नव्हती. पलीकडे कुंभार चाकावर भांडे घडवीत आहे; इजिप्तमधील कुंभाराच्या चाकाच्या जुन्यात जुन्या चित्रांपैकी हे एक आहे. सुतार करवतीने फळ्या कापतात व वाकसाने होडीची कड तासतात. सोनार भात्याऐवजी लांब नळ्यांनी फुंकून भट्टी पेटवितात. पक्षिशाळेत बदके व करकोचे धरून त्यांच्या चोचींत पिठाचे गोळे कोंबतात, म्हणजे ते लवकर पुष्ट व्हावेत. मेरेरुकाच्या थडग्यात तर तरसासही उताणे पाडून असेच खाऊ घातले आहे!

बाजाराचे चित्र पाहण्याची ज्यांस हौस असेल, त्यांनी नी-अंख-ख्नुम व ख्नुम-होतेप यांच्या थडग्यातील भिंत पाहावी. भाजी, मासे, कापड, भांडी यांचे विक्रेते खाली बसले आहेत, आणि गिऱ्हाइके पिशवी खांद्यास लावून आली आहेत. नाणे नसल्यामुळे वस्तूस वस्तू देऊनच व्यवहार होई. अशा बाजारात घासाघीस किती चालत असेल याची कल्पना गृहिणींनीच करावी. एके ठिकाणी रखवालदाराने साखळीस बांधून आणलेल्या माकडाने एका चोरट्याचा पायच पकडला आहे.

आमच्या बालवाचकांस मुलांच्या खेळांविषयी उत्सुकता असेल. पटाहोतेप व मेरेरुका यांच्या थडग्यांत हे खेळ कोरलेले आहेत. दोन मुले समोरासमोर बसून हातापायांची चवड रचतात, आणि तिसरा धावत येऊन तीवरून उडी मारतो. हा खेळ इजिप्तच्या खेड्यांत अलीकडच्या काळापर्यंत खेळला जात असे. दुसऱ्या चित्रात मधल्या मुलांनी इतरांचे हात घट्ट धरिले आहेत, आणि बाहेरची मुले टाचांवर भार देऊन व अंग मागे टाकून गरगर फिरतात. हे पाहून आपल्याकडील फुगडीची आठवण कोणास होणार नाही? हात ओढून एकमेकांस खेचण्याच्या खेळात प्रत्येक बाजूच्या गड्यांस उत्तेजन देणारी वाक्येही वर कोरलेली आहेत. साडेचार हजार वर्षे लोटली, राज्ये आली व गेली, परंतु मुलांचा आरडाओरडा तोच राहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

येथपर्यंत वाचून कोणासही वाटेल की, तो काळ म्हणजे केवळ आनंदाचा होता. शेते पिकत, गुरे दूध देत, आणि मजूर पाव्याच्या सुरावर कामे करीत. परंतु विद्यार्थ्याने येथेच थोडे थांबून विचार केला पाहिजे. ही चित्रे कोणी काढविली? मालकाने. कोणासाठी? मालकाच्याच सुखासाठी. तेव्हा त्यांत मालकास जे पाहावेसे वाटले तेवढेच आहे. या भिंतींवर टी कधी म्हातारा होत नाही, पूर कधी कमी येत नाही, टोळधाड पीक खात नाही, आणि मजुरांपैकी कोणी ताप येऊन घरी पडलेला नसतो. साक्षीदार खोटे बोलत नाही, पण सर्व सांगतही नाही, असा हा प्रकार आहे.

तथापि त्या भिंतींवरसुद्धा एखादे दुसरे चित्र असे आहे की, ते पाहताच पडद्याआडचे सत्य डोकावते. टीच्या व मेरेरुकाच्या थडग्यांत खेड्यांचे पाटील हिशेब देण्यासाठी धरून आणले आहेत. कारकून कानावर लेखणी खोचून व मांडीवर पपायरसची गुंडाळी पसरून बसले आहेत. शिपायांनी पाटलांच्या माना दाबून त्यांस वाकविले आहे. मेरेरुकाच्या भिंतीवर तर एकास खांबाशी बांधून फटके मारीत आहेत. मालकास यात लपविण्यासारखे काही वाटले नाही. उलट आपला कारभार किती चोख आहे, हे दाखविण्यासाठीच त्याने ते कोरविले. आम्हांस मात्र त्या वाकलेल्या पाठी पाहून, वर वर्णिलेल्या धान्याच्या राशी कशा गोळा होत असतील हे कळून येते.

सक्कारा येथेच उनास राजाच्या पिरॅमिडकडे जाणाऱ्या लांब मार्गाच्या भिंतीवर भुकेने व्याकूळ झालेल्या माणसांचे चित्र कोरलेले सापडले. त्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात, हातापायांच्या काड्या झालेल्या, आणि दुबळे एकमेकांस आधार देत आहेत. हे लोक राजाचे प्रजाजन नसून वाळवंटातील भटके असावेत, असे पुष्कळ पंडित मानतात. कोणीही असोत, ज्या हाताने राजवैभव कोरावयाचे त्याच हाताने ही भूकही तितक्याच बारकाईने कोरली आहे.

दगडाने जे सांगितले नाही ते हाडांनी सांगितले. १९९० साली गीझा येथे मोठ्या पिरॅमिडांच्या दक्षिणेस एक घोडा जमिनीतील जुन्या भिंतीस अडखळला, आणि त्यावरून पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांची व त्यांच्या मुकादमांची दफनभूमी उघडकीस आली. ही माणसे टीच्या फार तर काही पिढ्या आधीची, अथवा त्याच्याच काळची. त्यांच्या सांगाड्यांत पाठीचे मणके ओझी वाहून झिजलेले आढळले. कित्येकांची हातापायांची हाडे मोडली होती. पण त्यांपैकी पुष्कळ नीट बसवून सांधलेलीही दिसली, म्हणजे जखमी मजुराची शुश्रूषा करणारा कोणी तरी होता. भिंतीवरील मजुराची पाठ नेहमी ताठ असते. जमिनीतील मजुराची पाठ झिजलेली असते. दोन्ही साक्षी एकत्र ठेविल्या तरच खरा इतिहास हाती येतो. एवढे जरी आमच्या विद्यार्थ्यांनी या लेखातून घेतले, तरी आमचे श्रम सफळ झाले असे आम्ही समजू.

आता राहिली एक गोष्ट. या भिंती ज्यांनी कोरल्या ते कारागीर कोण होते? टीचे नाव भिंतींवर जागोजागी आहे; परंतु पाठीवर वासरू घेतलेला गुराखी ज्याने कोरला, त्याचे नाव आम्हांस ठाऊक नाही. शेकडो थडगी, हजारो आकृती, आणि करणारे बहुतेक सर्व निनावी! पटाहोतेपच्या थडग्यात मात्र एक अपवाद आढळतो. तेथे होड्यांच्या झुंजीचे चित्र आहे. त्यातील एका होडीत एक मनुष्य निवांत बसला आहे, पुढे खाद्यपदार्थांची टोपली आहे, आणि एक मुलगा त्यास पेय पाजीत आहे. त्याच्या डोक्यावर त्याचे नाव कोरले आहे, नी-अंख-प्ताह. आणि हुद्दाही दिला आहे, शिल्पकारांचा प्रमुख. ही सारी भिंत ज्याच्या देखरेखीखाली झाली तोच हा असावा. मालकाच्या संमतीने त्याने आपल्या कामाच्या एका कोपऱ्यात स्वतःसाठी वीतभर जागा घेतली, आणि तीही भाला उगारण्यासाठी नव्हे, तर दिवसभराच्या श्रमानंतर घोटभर पेय घेण्यासाठी! आम्हांस तर सक्काऱ्यातील सर्व चित्रांत हे चित्र विशेष प्रिय वाटते.

आपल्याकडे सुट्टीत मुले लेणी व जुने किल्ले पाहावयास जातात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु तेथील भिंतींवर खिळ्याने अगर कोळशाने आपले नाव लिहून येण्याची खोड कित्येकांस असते. त्या वेळी त्यांनी एवढेच आठवावे की, ज्याने वर्षानुवर्षे छिन्नी चालवून ती भिंत सजविली, त्यास बहुधा आपले नाव तिच्यावर घालता आले नाही. ज्याने काही केले त्याचे नाव नाही, आणि ज्याने काही केले नाही त्याने ते घालावे, हे न्यायाचे नव्हे. सक्काऱ्याच्या भिंती साडेचार हजार वर्षे वाळूने सांभाळल्या. त्यांपुढे आता माणसांनी सांभाळावयाच्या आहेत. आपल्या भिंतींचीही तीच स्थिती आहे. तेथे गेल्यावर हात मागे बांधावे, डोळे उघडे ठेवावे, आणि मोठ्या आकृतीच्या पायाशी कोण वाकून काम करीत आहे ते आधी शोधावे.